दातेरी पानांची ओळ

कळंबा रोड, कोल्हापूर
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९

हंबीर,

पत्राच्या माथ्यावर स. न. वि. वि. लिहायचं आणि मग मनातलं, ही आपली पस्तीस वर्षांची रीत. आज त्यातला पहिला 'स' गाळला आहे. नमस्कार आहे, विनंती आहे, विशेषही पुष्कळ आहे. 'सप्रेम' तेवढं जमत नाही.

परवा आकाराम आला होता. खामणेवाडीचा आकाराम, जोगाईच्या राईत पूजा करते त्या बयाबाईचा थोरला. आपण दोघं त्या गावच्या शाळेत मास्तर होतो तेव्हा हा सातवीत, पहिल्या बाकावर बसून नाक ओढायचा. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्यात. पहिल्या एसटीनं आला, चहाला नको म्हणाला, पिशवीतून झेरॉक्स काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मास्तर, ह्ये वाचा आन् मला सांगा. आमी येडं, का सायेब येडं?"

तुझा अहवाल होता. खाली तुझी सही, 'ह'ला शेपूट असलेली. पुण्याला जाऊन, प्रोफेसर होऊन, निवृत्त होऊनही ते शेपूट तुला आवरलेलं नाही.

तुला सांगायला नको, पण मला लिहून काढल्याशिवाय खरं वाटत नाही म्हणून लिहितो. खामणेवाडीच्या पठारावर बॉक्साइटची खाण व्हायची आहे. राई पठाराच्या ऐन मध्यावर. गावानं अर्ज केला की राईत धुपाची सात झाडं आहेत, सगळ्या तालुक्यात दुसरीकडे नाहीत, तेवढी राई वगळा. प्रांतसाहेब म्हणाले, ठीक आहे, झाड धुपाचं आहे असं तज्ज्ञानं सांगितलं तर वगळू. तज्ज्ञ म्हणून तू आलास. गावानं म्हणे पेढे वाटले. आपले खाडेसर आले, आता काळजी नाही.

आणि तू लिहिलंस: "सदर वृक्ष धूप नसून हालमड्डी या सर्वत्र आढळणाऱ्या जातीचा असण्याची शक्यता अधिक आहे. ग्रामस्थांनी सादर केलेल्या वर्णनातील लक्षणे नमुन्याशी जुळत नाहीत."

जुळत नाहीत!

हंबीर, चौसष्ट सालचा माघ महिना आठव. रविवार होता. तू मला राईत नेलंस आणि माझ्या डोळ्यांवर माझाच टॉवेल बांधलास. म्हणालास, "कवी, तू झाडाकडे बघितलंस की आधी उपमा सुचते नि मग झाड दिसतं. आज हातानं बघ." मी हात फिरवला. थंड, सपाट, करडं खोड. गुडघ्यापाशी एक जुनी चीर, तिच्यात काहीतरी घट्ट, काचेसारखं. "नखानं काढ. वास घे." मी वास घेतला आणि मला आमच्या गावच्या मठातली सोमवारची संध्याकाळ दिसली, डोळे बांधलेले असताना. मग तू खाली बसवलंस. पाचोळ्यातून एक बी माझ्या तळहातावर ठेवलीस, तीन कडांची. शेजारच्या रोपाच्या कोवळ्या डहाळीवरची लव बोटांना लावलीस आणि म्हणालास, हिचा रंग गंजासारखा असतो, नंतर बघ. सगळ्यात शेवटी टॉवेल सोडलास आणि माझी हनुवटी वर केलीस. चाळीस हातांपर्यंत एक फांदी नाही, आणि त्याच्या वर, सगळ्या हिरव्या रानाच्या डोक्यावर, लालभडक पालवी. तू म्हणालास, "आज पहिल्यांदा गप्प बसलास."

परत येताना तू एक वाक्य बोललास, ते मी पुढे तीस वर्षं मुलांना सांगत आलो. "झाडाला पाच साक्षीदार असतात. खोड, साल, डिंक, पान, फळ. पाचांना विचारावं. नुसतं पान बघून झाड ओळखते ती शेळी."

त्या रात्री कंदील जवळ ओढून मी चार ओळी केल्या. पुढे त्या शाळेच्या भिंतीवर रंगवल्या गेल्या. खामणेवाडीतल्या दोन पिढ्यांना त्या पाठ आहेत. बाया दळताना म्हणतात असं आकाराम सांगतो, खरंखोटं जोगाईला ठाऊक.

दीपमाळेपरी खोड विशाळ,
जखमेतून झरे काळी राळ,
माघात माथ्याला लागतो जाळ,
दातेरी पानांची डुलते माळ.

चार ओळींत अख्खं झाड उभं केलं असं तूच म्हणाला होतास.

मी अहवाल वाचत होतो तेव्हा शांता तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "भाऊजींनी काय नाव लिवलंय?" मी सांगितलं. तिचा हात थांबला. ती सीमेकडची, कानडी तिच्या घरातली. म्हणाली, "हालमड्डी? हालु म्हंजे दूध. दुधागत पांढरा डिंक येतो त्ये झाड. आन् आपल्या देवाम्होरं पस्तीस वर्सं मी काय जाळत्ये? कोळशागत काळा खडा हाय की त्यो! सुळ्ळ लिवलंय." सुळ्ळ म्हणजे खोटं, हे तुला कळतं. आमच्या घरी जेवताना तू तेवढी कानडी शिकला होतास.

सही करताना तुला ते नाव कानाला खुपलं नाही?

आकाराम म्हणतो, तू जीपमधून उतरलाच नाहीस. पायवाट चढवत नाही म्हणालास. वनखात्याच्या माणसानं वरून कापलेली एक फांदी आणली, बॉनेटवर ठेवली, तू काचेच्या आतून बघितलीस. जीप कंपनीची होती. पुढच्या सीटवर तुझा मुलगा ऋतुराज होता, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून.

माघ चालू आहे, हंबीर. त्या दिवशीही माघच होता. रस्त्यावरून मान जरा वर केली असतीस तरी पालवी दिसली असती.

तू चुकलास असं मला कुणी सांगू नये. झाडाच्या बाबतीत तुला चुकता येत नाही.

चन्नाप्पा


कोल्हापूर
शुक्रवार, २६ फेब्रुवारी १९९९

हंबीर,

उत्तर मिळालं. टाइप करून पाठवलंस. अक्षर दाखवायचं नव्हतं का?

सहा वाक्यं आहेत. शांताला वाचून दाखवली, नंतर एकटा पुन्हा वाचत बसलो. तू म्हणतोस, "अहवाल समोर ठेवलेल्या फांदीपुरता आहे. ग्रामस्थांनी पुरावा म्हणून एकच कागद जोडला, तो म्हणजे तुझी कविता. कवितेत पानं दातेरी आहेत. फांदीवरची पानं दातेरी नाहीत. यात मी खोटं काय लिहिलं? ऋतुराजचा या प्रकरणाशी संबंध नाही."

वकिलाला लाजवशील.

मी लगोलग पुढचं पत्र लिहायला बसलो होतो. तीन कागद फाडले. मग आमच्या लेकीच्या, शिवलीलाच्या नवऱ्याला शिरोलीच्या फाउंड्रीतून रविवारची सुट्टी होती, त्याला म्हटलं मला खामणेवाडीला सोड. तो म्हणाला, "मामा, डॉक्टरनी चढ चढू नका सांगितलंय." मी म्हटलं, चढणार कोण आहे, झाडाच्या बुंध्याशीच तर जायचं आहे. बुंधा वर पठारावर आहे हे त्याला तिथं गेल्यावर कळलं.

आकाराम काठी घेऊन पुढे, मी मागे. दर वीस पावलांवर तो थांबायचा आणि जणू स्वतःलाच दम लागला असं दाखवायचा. राईत शिरल्यावर त्यानं चपला काढल्या, मीही काढल्या. बयाबाई जोगाईपुढे झाडत होती. आता ऐंशीच्या घरात असेल. मला बघून म्हणाली, "आलासा? त्यो दुसरा कुटं हाय, पानं हुंगणारा?"

मी म्हटलं, पुण्याला असतो.

"बरा हाय न्हवं?"

बरा आहे म्हटलं. आणखी काय सांगणार?

पश्चिमेकडच्या धुपावर दोन-तीन वर्षांपूर्वी वीज पडली होती. माथा शाबूत आहे, पण बुंध्याशी एका अंगाला भाजला आणि तिथून कोंब फुटलेत. कमरेएवढे. मी वाकून एकाचं पान धरलं. कडेला बारीक दात, करवतीच्या पात्याला असावेत तसे. डहाळीवर गंजाच्या रंगाची लव. मला एवढा आनंद झाला की मी मोठ्यानं ओळ म्हटली. आकारामही म्हणू लागला. दोघं म्हातारे राईत उभे राहून दुसरीतल्या पोरांसारखे कविता म्हणत होतो.

मग आकारामनं भाच्याला हाक मारली. तो गोफणीत पटाईत. त्यानं त्याच झाडाच्या शेंड्यावरून एक डहाळी पाडली. लाल पालवी, तिच्या खाली जुनी पानं. आकारामनं एक पान ओठांवरून फिरवलं, उलटं करून फिरवलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, ह्ये तर गुळगुळीत हाय की."

मी म्हटलं, "वय झालं की दात पडतात, आकाराम."

तो हसला. मीही हसलो. मग तो हसायचा थांबला. एका हातात खालचं पान, दुसऱ्या हातात वरचं, आणि दोन्ही एकाच झाडाची. सातवीत गणित सुटायला त्याला वेळ लागायचा, पण सुटलं की पक्कं सुटायचं.

"म्हंजे सायबानं वरची फांदी काढली, तिला दात न्हाईत. आन् कवितेत दात हाईत. म्हून आमचं झाड खोटं ठरलं, व्हय?"

मी दोन्ही पानं त्याच्या हातातून घेतली, पुन्हा बघितली.

"मास्तर, तुमच्या त्या एका दातानं आमची राई खाल्ली की हो!"

आजवर मला कुणी एवढं टोचून बोललं नव्हतं, आणि त्यानं ते टोचण्यासाठी म्हटलंही नव्हतं. कोवळ्या रोपाला दात, मोठ्या झाडाला नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, मला कुठून ठाऊक असणार, मी मराठीचा मास्तर.

हे मी आकारामला सांगितलं. तुला तसं सांगता येणार नाही. कारण मला ठाऊक होतं हे जगात दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातला एक तू.

पासष्ट सालचा ऑगस्ट. तू कॉलेजात लागून दोन महिने झाले होते. तुझं आंतरदेशीय पत्र आलं. "चन्ना, इथल्या कपाटात वाळवलेले नमुने बघितले. दात फक्त रोपाच्या आणि कोंबाच्या पानाला. वाढलेल्या झाडाचं पान अखंड. चौथी ओळ बदल. 'अखंड पानांची' म्हण. चुकीची ओळ पोरांच्या तोंडी बसली तर निघत नाही." खाली पेन्सिलीनं दोन पानं काढलेली, एक दाताचं, एक बिनदाताचं. मी उत्तर पाठवलं, छंदात बसत नाही. तू पुन्हा विषय काढला नाहीस. कवितेच्या बाबतीत तू माझं ऐकायचास.

ते पत्र माझ्याकडे आहे. शांताच्या लुगड्यांच्या ट्रंकेत, तळाशी. पोस्टाचा शिक्का वाचता येतो.

सुनावणी पुन्हा लावली आहे, सोमवार २२ मार्च, तहसील कचेरीत. आकारामनं अर्ज केला होता. तू प्रांतांना चार ओळी लिही. फांदी एकच बघितली, राईत गेलो नाही, मत फिरवतो. एवढंच. कुणी तुला नावं ठेवणार नाही. म्हातारा माणूस, चढवलं नाही, सगळ्यांना पटेल.

मी वाट बघतो.

चन्नाप्पा


कोल्हापूर
गुरुवार, ११ मार्च १९९९

हंबीर,

काल तुझा फोन आला तेव्हा मी कळंब्याच्या तळ्याकडे फिरायला गेलो होतो. तुला ते ठाऊक आहे. सकाळी साडेसहा ते साडेसात मी घरी नसतो हे तुला गेली दहा वर्षं ठाऊक आहे. म्हणूनच त्या वेळी केलास.

शांतानं सगळं सांगितलं. ती एक अक्षर गाळत नाही, आणि स्वतःचं घातल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे तुझं किती नि तिचं किती हे मला नीट कळलं नाही. तू म्हणालास म्हणे, "वहिनी, ते पत्र चन्नाला फाडून टाकायला सांगा. पस्तीस वर्षांपूर्वी पोरवयात लिहिलेलं आहे."

ती म्हणाली, "भाऊजी, कागुद त्यांचा हाय, ट्रंक माझी हाय. फाडायचा असंल तर तुमी या. आधी जेवा. कटाची आमटी करत्ये. मग फाडा."

तू हसलास, असं ती म्हणाली. मग म्हणालास, ऋतुराज चार वर्षं घरी बसून होता. या मे महिन्यात त्याचं लग्न ठरलं आहे. त्यानंच साहेबांना सांगितलं होतं की माझ्या वडिलांना बोलवा.

म्हणजे संबंध आहे.

शांतानं तुला काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं नाही. पहिल्यांदाच गाळलं. फोन ठेवल्यावर ती पदरानं रिसीव्हर पुसत होती, एवढं मी दारातून बघितलं.

हंबीर, ऋतुराजला मी मांडीवर घेऊन बाराखडी शिकवली आहे. त्याच्या पोटावर पाय द्यावा असं मला वाटत असेल का? तू मला सरळ येऊन सांगितलं असतंस, की पोराखातर मला हे करावं लागतंय, तर मी काय केलं असतं, देव जाणे. रागावलो असतो. कदाचित रडलोही असतो. पण तू आलास तो माझी कविता हातात घेऊन. माझ्याच शब्दानं ती सात झाडं पाडायला निघालास आणि वर मला लिहिलंस, मी खोटं काय लिहिलं? झाडाला फसवलंस, गावाला फसवलंस, त्याचं मला दुःख आहे. पण त्यासाठी मला हत्यार केलंस, ते मला सोसत नाही.

आता माझं ऐक. हे मी कधी कुणाला बोललो नाही.

'छंदात बसत नाही' असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं.

दातेरी. अखंड. बोटं मोड. दा-ते-री, तीन. अ-खं-ड, तीन. अक्षराला अक्षर. 'अखंड पानांची डुलते माळ'. बसतं, अगदी छान बसतं. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी ते म्हणून बघितलं होतं. पण हंबीर, 'दातेरी' म्हटलं की वर्गातली पोरं एकमेकांना दात दाखवून हसायची. पुढचे दोन पडलेली एक मुलगी होती, ती तोंडावर हात धरायची. 'अखंड' म्हटल्यावर कोण हसणार? तो शब्द सातबाऱ्यावर शोभणारा. मला माझा शब्द आवडला होता. तुला छंदाचं काही कळत नाही, तू माझ्यावर विश्वास ठेवशील, हे मला माहीत होतं. आणि तू ठेवलास. पस्तीस वर्षं.

तेव्हा मीही तुला फसवलं आहे. लहान गोष्ट होती असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. एका शब्दानं काय होतं? मराठीच्या मास्तरानं असं म्हणावं!

म्हणून बरोबरी झाली असं मात्र म्हणू नकोस. मी हौसेनं खोटं बोललो आणि ते खोटं आहे हे विसरून गेलो. तुझ्या तोंडी सत्य होतं, ते तू जाणूनबुजून गिळलंस.

तुझ्याकडे अकरा दिवस आहेत. २२ तारखेपर्यंत प्रांतांकडे तुझी चिठ्ठी पोचली तर ट्रंक मी उघडणारच नाही. चौथी ओळ चुकीची आहे आणि ती चूक माझी आहे, एवढं मी उभं राहून सांगेन. तुझं नाव त्यात कुठेच येणार नाही.

नाही पोचली, तर पासष्टचं पत्र मी पुढे ठेवणार. त्यावरून कळेल की तुला माहीत होतं. ऋतुराजच्या साहेबांनाही कळेल, त्याच्या सासरच्यांनाही कळेल.

हे धमकीसारखं वाचलं जाईल. दोनदा लिहून बघितलं, दुसऱ्या कुठल्याच प्रकारे लिहिता येत नाही.

चन्नाप्पा


कोल्हापूर
बुधवार, २४ मार्च १९९९

हंबीर,

तुझी चिठ्ठी आली नाही. सोमवारी साडेदहापर्यंत मी कचेरीच्या दारात उभा होतो. आवक-जावकच्या बाईंना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आजोबा, पुण्याची डाक आली. त्यात तुमचं काही नाही. बसा जरा."

काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो.

खोली लहान होती, गाव मोठं. खामणेवाडीचे साठ-सत्तर लोक आले होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. बयाबाईला खुर्ची दिली, ती खुर्चीच्या शेजारी खाली बसली. कंपनीचा वकील तरुण होता, नम्र होता. ऋतुराज भिंतीशी उभा होता. मला बघून तो पुढे आला आणि वाकून नमस्कार केला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सवयीनं ठेवला, पण ठेवला.

वकिलानं कविता वाचून दाखवली. चांगली वाचली, तिसऱ्या ओळीवर आवाज चढवला. मग फांदी दाखवली. "साहेब, ज्यांनी वर्णन केलं तेच म्हणतात दातेरी. इथं दात कुठं आहेत?"

मी उठलो. म्हटलं, ती ओळ चुकीची आहे. लिहिणारा मी.

मागे गलका झाला. बायांमधून कुणीतरी म्हणालं, "आवो, चुकीची कशी? आमी पोरांस्नी शिकिवली की!" प्रांतसाहेबांनी टेबलावर पेन आपटलं.

आकारामनं त्या एकाच झाडाची दोन्ही पानं टेबलावर ठेवली, बुंध्याच्या कोंबाचं आणि शेंड्याचं. काळ्या डिंकाचा खडा ठेवला, तीन कडांची बी ठेवली. वकील म्हणाला, दोन पानं एकाच झाडाची कशावरून? आणि समजा असली, तरी हे गृहस्थ भाषेचे शिक्षक, यांचा झाडांचा अधिकार काय?

अधिकार काहीच नाही, मी म्हटलं. ज्याचा आहे त्याचं म्हणणं माझ्या खिशात आहे.

पत्र मी साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी ते उजेडाकडे धरलं, शिक्क्यावरची तारीख मोठ्यानं वाचली, मग मजकूर वाचला. 'चन्ना' हे नाव त्यांनी त्या भरलेल्या खोलीत उच्चारलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आपला सदरा काढून घेतला. शेवटी त्यांनी ती पेन्सिलीची दोन पानं बघितली आणि टेबलावरची दोन पानं त्यांच्याशेजारी ठेवली. तुझा हात किती साफ होता, हंबीर. शीरन् शीर जुळत होती.

"म्हणजे प्रोफेसर खाडे यांना हे १९६५ पासून माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

ऋतुराज बाहेर निघून गेला. मी मान वळवली नाही, चपलांचा आवाज ऐकला.

मग साहेबांनी मला विचारलं, "त्यांनी इतकं स्पष्ट कळवलं होतं, तर तुम्ही ओळ का नाही बदलली?"

खोटं तयार होतं. छंद, मात्रा, गण, त्यातलं तिथं कुणाला काय कळणार होतं? मी म्हणालो, "मला माझा शब्द आवडला होता, साहेब." लोक हसले. वकीलही हसला. आकाराम हसला नाही. पहिल्या बाकावरून बघायचा तसा बघत राहिला. त्या नजरेतून मी थोडा उतरलो आहे, ते मला कळलं.

हुकूम झाला. दुसऱ्या तज्ज्ञानं स्वतः राईत जाऊन पाहणी करेपर्यंत राईच्या हद्दीत कुऱ्हाड नाही, सुरुंग नाही. तुझा अहवाल बाजूला ठेवला. गावानं जोगाईच्या नावानं चांगभलं केलं. बयाबाईनं माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मला आनंद झाला का, असं विचारशील, तर झाडांसाठी झाला. माझ्यासाठी जागा उरली नव्हती.

लोक पांगल्यावर जबाबावर सही करायची राहिली होती. त्याच आवक-जावकच्या बाई लिहून घेत होत्या. पासष्टचं पत्र त्यांनी फाइलला टाचलं, वर निशाणी क्रमांक घातला. मी विचारलं, परत कधी मिळेल? त्या म्हणाल्या, "आता तो सरकारी कागद झाला, आजोबा. नक्कल मिळेल." नक्कल घेऊन मी काय करू? त्यात पेन्सिल दिसत नाही.

मग त्यांनी मला जबाब वाचून दाखवला. "सदर पत्रातील हस्ताक्षर व सही माझे मित्र श्री. हंबीरराव खाडे यांची असून ती मी ओळखतो." तिथं त्या थांबल्या. बाई कामाला पक्क्या, आणि मनानं चांगल्या. पेन वर धरून म्हणाल्या, "आजोबा, हे 'माझे मित्र' असंच ठेवू, की 'तत्कालीन मित्र' करू? पुढं कुणी विचारलं तर घोळ नको."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ट्रॉलीत बाया चढत होत्या. बाईंनी पुन्हा विचारलं.

मी म्हणालो, "तत्कालीन लिहा."

ओळीत जागा नव्हती. त्यांनी वर काकपद घालून तो शब्द बारीक अक्षरात बसवला, आणि दुरुस्तीपाशी माझी वेगळी सही घेतली.

चन्नाप्पा हेब्बाळे